कच्चा अर्थ

संकेश्वरच्या बायपासला, माझ्या शेडपुढं,
बाळेश हुद्दारनं बाराचाकी आणून बंद केली
आणि लगेच चावी फिरवली.
झाली चालू.
परत बंद. परत चालू.
"बघा," तो म्हणाला, "अशी करती.
तुमच्यासमोर शहाण्यासारखी."

मराठी त्याचं तुटक, कन्नड माझं लंगडं.
पंधरा दिवसांचा हिशेब त्यानं
खताच्या पावतीमागं लिहून ठेवलेला, कानडीत:
हत्तरगीच्या नाक्याला चालू. धारवाडला चालू.
वंटमुरीच्या घाटात मेली.
खानापूरला, कौलं भरताना, चालू.
तवंदीला दीड तास मेली,
मग आपणहून उठली, जणू झोपच झाली होती.

स्टार्टर कोल्हापूरला नवा घातलेला.
दोन्ही बॅटऱ्या हुबळीच्या.
एका मेस्त्रीनं लाइनीत हवा आहे म्हणून
हातपंप मारून मारून तळव्याला फोड आणलेले.
मालकाच्या आईनं लिंबू बांधलेलं,
ते मात्र अजून ताजं.
जो तो काही ना काही बदलून गेला.
कुठं मरते, हे कुणी विचारलं नाही.

मी पाना खाली ठेवला. "वाच परत."
"वंटमुरी." घाट.
"तवंदी." घाट.
"मंगळवारी, घरापुढं."
"घरापुढं काय आहे?"
"घरापुढं चढच की हो."

मग गाडी कॅनॉलच्या भरावावर घातली,
नाक वर, मागच्या चाकाला दगड.
चावी.
टक्.
बंद दारावर कुणी एकदाच नख वाजवावं
तेवढा आवाज.
बाळेश हसायला लागला.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा
कुणाच्या देखत बिघडली होती.

बॅटरीवर मीटर: चोवीस पॉइंट आठ.
नव्या बॅटरीचा नवा तोरा.
मी पाठीवर सरपटत खाली गेलो,
एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडाला,
आणि ओरडलो, "मार!"
एकोणीस.
तिथं अर्धा व्होल्ट दिसला तरी मी जीभ चावतो.
चोवीसातले एकोणीस
वाटेतच सांडत होते.

चेसीपासून गिअरबॉक्सपर्यंत वीतभर पट्टी.
वरून धडधाकट, काळं रबर,
दोन्ही नट घट्ट, कुणीतरी हौसेनं रंगवलेले.
चिमटीत धरून वाकवली तर
आत कणाच नाही.
ब्लेडनं सोललं: हिरवी पूड
आणि तुटल्या तारांची टोकं.
सपाटीवर ती एकमेकींना टेकून असायची.
चढावर इंजिन रबरी बुटांवर जरासं मागं कलायचं,
तेवढ्यानं सुटायची.
तवंदीला दीड तासानं परत कशी जुळली,
इंजिन गार होऊन सरकलं,
की शेजारून एखादी एसटी धडधडत गेली,
ते मला सांगता येणार नाही.

"अर्थ कच्चा," मी म्हणालो.
धंद्यात त्या पट्टीला आम्ही अर्थच म्हणतो.
बाळेश उकिडवा बसून बघत होता
ती पूड, ते रबर, माझा काळा अंगठा.
"अर्थ आतु," तो म्हणाला.
मी मान हलवली. "हो, तोच गेलाय."
नवी पट्टी आवळून झाली, हात धुऊन झाले,
तेव्हा डोक्यात आलं की तो
पट्टीबद्दल बोलत नव्हता.
कळलं, एवढंच म्हणत होता.

तीनशे रुपये दिले. जुनी पट्टी मागून घेतली,
मालकाला दाखवायला.

रात्री साडेअकराला फोन.
कुणी बोलेना.
नुसता वारा, दाराचा खटका,
मग चावी,
मग ते सगळं जड लोखंड एका दमात जागं झालेलं.
मागून एक ट्रक गिअर पाडत वर चढत होता,
म्हणजे घाट.
म्हणजे मुद्दाम, नाक वर.

मी थोडा वेळ ऐकलं
आणि फोन ठेवला.