एक ताव कमी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटा तपासल्या.
हातात भिंग, उजेडाकडे धरलेला ताव.
शाई अर्ध्या केसाइतकी सरकली तरी
बोट आपोआप तिथं थांबायचं.
संध्याकाळी मोजणीत एक ताव कमी भरला
तर भोंगा वाजूनही कुणी घरी जात नसे.
एकदा रात्री दोनला सापडला होता,
कपाटामागं, भिंतीला चिकटून.
आढाव तेव्हा रडला होता.

तोच आढाव आता आमच्या ग्रुपचा ॲडमिन.
निवृत्तांचा ग्रुप, दोनशे चौदा जण.
सकाळी फुलं, दुपारी पेन्शनची परिपत्रकं,
आणि निवडणूक लागल्यापासून
रात्री अकरानंतर दुसरंच काही.

त्या रात्री बावीस सेकंदांचा व्हिडिओ आला.
धावणारी माणसं, दगड, कुणीतरी किंचाळतंय.
खाली लिहिलेलं : आपला बिटको चौक, आत्ताच. जागे व्हा.
मी जागाच होतो. गुडघा ठणकत होता.
चष्मा टीव्हीवर राहिलेला,
उठायचा कंटाळा केला
आणि अंगठा टेकवला.
भाचा. सोसायटी. हास्यक्लब.

सकाळी दूधवाला म्हणाला,
मुनाफ घड्याळवाल्याच्या शटरवर दगड पडलेत.
मग तीन दिवस नेट बंद.
जेलरोडची माणसं फोन उंच धरून
गच्चीवर फिरत राहिली,
टाकीत पाणी चढलं का बघावं तशी.

साठवलेला व्हिडिओ मी चष्मा लावून पाहिला.
नवव्या सेकंदाला दुकानाची पाटी.
अक्षरं आपल्या लिपीतली नाहीत.
कडेला उभं पोर स्वेटर घालून,
आणि आपल्याकडे मे महिना.

नेट आलं तेव्हा
'सर्वांसाठी डिलीट करा' शोधलं.
मुदत संपली होती.

माझं घड्याळ मुनाफकडे होतं दुरुस्तीला,
निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं.
आणायला गेलो.
शटरला पोचे, काउंटरच्या काचेला चिकटपट्टी.
डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला,
"बसा, लवटे काका."
मग फोन पुढं केला.
"तुमची नजर प्रेसची. हा आपला चौक आहे का?"

बावीस सेकंद मी पुन्हा पाहिले.
वर बारीक अक्षरांत : अनेकदा फॉरवर्ड केलेला.
किती वेळा, ते लिहीत नाहीत.
"नाही," मी म्हटलं. "पाटी बघ ना."
"पाहिली," तो म्हणाला.
"पोराला क्लासमधल्या मित्रानं पाठवला.
तुमच्याच सोसायटीतला आहे तो."

वर पंखा फिरत होता.
भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती,
दुरुस्तीच्या दुकानात दाखवतात तशी.

त्यानं माझं घड्याळ कानाशी धरलं,
मनगटावर बांधूनसुद्धा दिलं.
ऐंशी रुपये.
मी दिलेली शंभराची नोट
त्यानं उजेडाकडे धरून पाहिली.
तो नेहमीच पाहतो.

नेहमीच पाहतो का,
मला आठवेना.