बोटांना हाड असतं

डॉक्टर उर्सुआंनी सोमवारी प्रश्न टाकला
आणि ते तिकडे वाल्दिवियात झोपून गेले:
‘कळपात शिरलेल्या पुमाला मारावं का?
किमान शंभर शब्द. एकमेकांना उत्तरं द्या. सभ्यपणे.’
त्यातलं ‘सभ्यपणे’ माझ्या वाट्याला आलं.
त्याचेच मला तासावर पैसे मिळतात.

पुन्ता अरेनास. स्वयंपाकघरातलं टेबल,
शेगडीवर किटली, पत्र्यावर वारा.
मी एकतीस जणांचं बोलणं राखते.
चेहरा एकाचाही पाहिलेला नाही.
हाळी द्यायची नाही, कुत्रा सोडायचा नाही,
नुसतं कुंपणाशी उभं राहायचं.

मंगळवारी बरं चाललं होतं.
सान्तियागोच्या अन्तोनियाने आकडे आणले,
कुणी बछड्याचा फोटो लावला.
सगळे पुमाच्या बाजूचे.
त्यांच्या दारात तो कधी येत नाही.

बुधवारी रात्री, एक वाजून चाळीस मिनिटांनी, निवाल्दो.
मेंढपाळ, वय बावन्न. टेकडीवर चढून लिहितो,
तिथेच सिग्नलच्या दोन काड्या मिळतात.
विरामचिन्ह एकही नाही:
‘एका रात्रीत तेवीस खाल्ली एकच बाकीच्या नुसत्या मारल्या
सकाळी मी मोजल्या तुम्ही मोजल्यात का कधी’

खाली लगेच अन्तोनिया:
‘आधी लिहायला शिका, मग बंदूक धरा.’
त्यावर अकरा हसरे चेहरे.

जिभेला हाड नसतं, म्हणून ती वळते कशीही.
बोटांना तर असतं. प्रत्येकात तीन तीन.
अंगठ्यात दोनच,
आणि हल्ली सगळे अंगठ्यांनीच लिहितात.

मी ते वाक्य काढलं.
काढलेल्या वाक्याचा खड्डा राहत नाही,
खालची ओळ वर सरकून चिकटते,
मध्ये काही घडलंच नव्हतं जणू.
पण कुणी काय कधी वाचलं ते मला दिसतं.
निवाल्दो: एक एक्कावन्न.
मी काढलं एक त्रेपन्नला.
म्हणजे तो अजून टेकडीवरच होता.
दोन मिनिटं. मी किटली उतरवायला उठले होते.

अन्तोनियाला वेगळं पत्र लिहिलं, तीनदा.
पहिलं नुसतं रागाचं,
दुसरं नियमावलीच्या तोंडचं,
तिसरं पाठवलं: ‘त्याचा प्रश्न खरा होता.
तू मोजल्यास का?’
उत्तर नाही.

गुरुवार गेला. शुक्रवारही.
भांडण राखता येतं. ही शांतता कशी राखायची,
तिच्यातून काय काढून टाकायचं?

शुक्रवारी पाव आणायला बाहेर पडले.
वाऱ्याचे दिवस, कोपऱ्यावर पालिकेने दोर बांधलेले,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
समोरून एक म्हातारी येत होती. अर्ध्यात थांबली,
अंग चोरून मला पुढे जाऊ दिलं.
दोर मात्र सोडला नाही तिने.

शनिवारी, रात्री दोन वाजून दहाला, रोसामेल.
केयोनला साल्मनच्या पिंजऱ्यांवर रात्रपाळी करतो.
अख्खं सत्र रोज याच वेळी येऊन सगळं वाचायचा,
लिहायचा एक अक्षर नाही.
मी त्याला ‘गैरहजर’ लावत आले होते.
त्याने लिहिलं:
‘निवाल्दो, आमच्या जाळ्यात समुद्रसिंह शिरतात. मीही मोजतो.
तुमच्या मेंढ्या कुठल्या जातीच्या होत्या?’

बारा शब्द. अठ्ठ्याऐंशी कमी.
‘अपुरं’ असा शेरा मारायचा असतो अशा वेळी.
मी कर्सर त्या चौकटीवर नेला
आणि परत आणला.

रविवारी टेकडीवरून एकच शब्द आला:
‘कोरिडेल’.

आता अन्तोनियाच्या नावापुढे तीन टिंबं हलताहेत.
थांबतात. पुन्हा हलतात.
किटली कधीची शिट्टी घालतेय.
या वेळी मी उठत नाही.