बटण

लंडन, अठराशे एक्क्याण्णव. नदीकाठी नवं हॉटेल:
विजेचे दिवे, माणसं घेऊन वर चढणारी खोली,
आणि मजल्यामजल्यावर गरम पाणी.
तळघरातल्या हेस्टर प्लमला
यातलं गरम पाणी तेवढं ठाऊक.

जेवण तिच्याकडे पाठमोरं येतं.
सुपाचा वाळलेला काठ,
तितराची हाडं, न चोखलेली,
सुरीने नुसती चाळवलेली.
पदार्थांची नावं फ्रेंच, जिभेवर ठरत नाहीत.
ती आपली डागांवरून ओळखते:
पिवळा, चिवट, तो अंड्याचा;
तपकिरी, तो त्या रश्शाचा.
तीन दिवस आटवतात म्हणे.
आणि अर्धा परत.

आज ताटलीत बटण आलं.
मोत्याचं, हातमोज्याचं.
म्हणजे वर कुणी बाई
परक्या पुरुषांदेखत, लख्ख उजेडात,
हात उघडे करून जेवली.

हेस्टरने ते खळबळून धुतलं,
दिव्यापाशी धरलं. इथे अजून गॅसच.
वर द्यायला हवं होतं खरं तर.
एप्रनच्या ओल्या खिशात टाकलं.

मध्यरात्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
पाव खायला बसली,
तेव्हा आधी बाह्या खाली ओढल्या,
कुणी बघत असल्यासारख्या,
आणि घास
लहान घेतला.