नमुना क्रमांक अठरा

लळिंगच्या उतारावर मी वीतभर खोल खड्डा घेते,
बाजू खरवडून मूठभर माती.
खुरपं लाकडी. लोखंडाचं नको,
ते स्वतःचंच काहीतरी मातीत मिसळतं.
पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीची,
धुळ्याच्या उन्हात शाईलाही घाम फुटतो.

सतरावा नमुना वेड्या बाभळीखालचा.
तिथे सावली आहे, पण बसवत नाही.
बारीक पाला, काटे, शेंगांची टरफलं,
आणि मधेमधे जमीन अशी उघडी
जशी कुणी रोज पहाटे झाडून घेतं.
अठरावा तिथून चाळीस पावलांवर.
पवन्या, थोडा मारवेल,
आणि कुसळी, जी माझ्या ओढणीतून घरापर्यंत आली.

धुडकू ठेलारी काठीवर हनुवटी टेकून बघत होता.
"ताई, बाभूयखालनी जमीन नासी गई ना?"
आठ दिवसांनी सांगते, म्हटलं.

कार्डं छापून आली.
सतरा: नत्र भरपूर. स्फुरद भरपूर. सेंद्रिय कर्ब अत्यंत भरपूर.
अठरा: कमी. कमी. अत्यंत कमी.
खाली यंत्राने आपणहून शिफारस केलेली,
अठराला हेक्टरी इतकं शेणखत, इतका युरिया.

कार्डं घेऊन पुन्हा कुरणात गेले.
कसं सांगावं,
की ही बाभूळ चोरत नाही?
मुळांवर गाठी बांधून हवेतलं नत्र धरते,
गवताचा हात पोचत नाही अशा खोलीतून
स्फुरद वर काढते,
आणि पानापानाने आपल्याच अंगणात टाकते.
माती श्रीमंत होते.
पवन्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या चिमटीवर जगलेला.
एका चिमटीत वर्ष काढायचं, हाच त्याचा हुन्नर,
दुसरा नाही.
भरल्या ताटावर त्याला जेवताच येत नाही.
त्या ताटावर बसतं गाजरगवत, बसतो टाकळा,
आणि बसतात बाभळीचीच पोरं,
ज्यांना वाढाल तितकं कमी.

धुडकूने ऐकून घेतलं.
"म्हंजे जमीन नासनी नई."
नाही.
"जास्तच चांगली व्हयनी."
हो.
मग तो बराच वेळ मेंढ्यांकडे बघत राहिला.
उन्हाळ्यात दुसरं काहीच नसतं तेव्हा
त्या पिवळ्या शेंगा त्यानेच काठीने पाडलेल्या.
गोड असतात, कोकरंसुद्धा भांडतात.
"मंग हाई सारं मन्हा मेंढ्यास्नीच पेरं."

मी अठराच्या कार्डावर, यंत्राच्या शिफारशीवर
पेन्सिलीने आडवी रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं:
ही जमीन उपाशी नाही. हिला काही वाढू नये.
साहेबांनी विचारलं, हा शेरा कुठल्या परिपत्रकात बसतो?

एक गोष्ट मात्र मी धुडकूला सांगितली नाही,
साहेबांनाही नाही.
अठरावा नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळताना
वर एक लेंडी उरली होती,
वाळलेली, अर्धी फुटलेली,
आत तपकिरी, तुळतुळीत बी.
नियम असा आहे: चाळणीवर जे उरतं
ते मातीत धरायचं नाही, फेकून द्यायचं.
मी ते तळहातावर घेऊन खिडकीशी गेले.
खिडकीखालीही मातीच होती.