दर चक्रामागे

पाषाणच्या तळघरात, थर्माकोलच्या डब्यात
द्रव नायट्रोजन उकळतो आहे,
चहासारखाच, फक्त उणे एकशे शहाण्णववर.
आत बुडवलेली पट्टी चार मिलिमीटर रुंद,
तिच्यावरचा काळा थर केसाहून कितीतरी पातळ,
आणि रोध शून्य.

शून्य, असं मी भाच्याला सांगितलं होतं
बाणेरला, त्याच्या नवव्या वाढदिवसाला.
म्हणजे फुकट वीज? तो म्हणाला.
मी हो म्हणाले. केक कापायचा होता.

खरं असं आहे की प्रवाह एकसुरी असेल तरच शून्य.
क्षेत्र चढू-उतरू लागलं,
सेकंदाला पन्नास वेळा, घरातल्या विजेसारखं,
की पट्टी हिशेबाला बसते.
क्षेत्र कडेकडून आत शिरतं
भिंतीत ओल चढावी तसं, जागा धरत धरत,
आणि परतताना सगळं परतत नाही.
बाहेरचा काटा शून्यावर येतो तेव्हाही
आत मागच्या फेरीतलं काहीबाही अडकून असतं.
त्याला हुसकावताना पुढच्या फेरीची जी दमछाक होते
तिची ऊब.
तोटा म्हणतात तो हाच.
इथे एक वॅट सांडला
तर वर कॉम्प्रेसरला वीसेक वॅट भरावे लागतात.
इतकं व्याज आमच्या कोथरूडच्या पतपेढीनेही कधी लावलं नाही.

तीन वर्षं मी या उबेचं गणित लिहिते आहे.
पट्टीचे बाराशे तुकडे,
कडेला बारीक, मध्ये ऐसपैस.
प्रत्येकाचं शेजाऱ्याशी पटावं लागतं.
नाही पटलं तर काळाची पायरी निम्मी करायची.
तरी नाही पटलं तर पुन्हा निम्मी.
रात्री अडीचला कधी सगळ्यांचं एकमत होतं,
कधी पडद्यावर लाल ओळ येते
आणि वेताळ टेकडीवर मोर ओरडतो,
जणू त्यालाच कुणी बारीक तुकड्यात बसवलंय.

गणित म्हणालं, दर मीटरला, दर चक्रामागे, एकोणतीस मिलिज्यूल.
वाफ मोजणारं मीटर म्हणालं, एकेचाळीस.

मी कडेचे तुकडे आणखी बारीक केले.
घातांक एकवीसचा तीस केला, मग परत एकवीस.
वारंवारता वाढवली की चक्रामागचा आकडाही वाढायचा,
जो वाढायला नको होता.
तो मला काहीतरी सांगत होता,
आणि मी माझ्याच ओळींमध्ये चूक शोधत होते,
कारण तशी सवय आहे.

गुरुवारी तापकीर नायट्रोजनचा कॅन घेऊन उतरले.
हातमोजे काढले, डब्यात डोकावले,
मग अगदी सहज,
मॅडम, हे दोन पितळी नट तुमच्या गणितात धरलेत ना?

त्यांनीच केलेले नट ते.
भोसरीला, मेव्हण्याच्या लेथवर,
आटे इतके गोड की बोटाने फिरावेत.
तीन वर्षं पट्टीची टोकं दाबून बसलेले,
बदलत्या क्षेत्रात गुपचूप भोवरे फिरवत,
त्याच नायट्रोजनात आपापली ऊब सोडत.
माझ्या जगात पट्टी होती, क्षेत्र होतं,
आणि बाकी सगळी पोकळी.

तापकीरांनी स्वतःच काढले ते.
थोडं वाईट वाटलं असावं, बोलले नाहीत.
गच्चीवरच्या कुंडीतली बांबूची काडी
चाकूने तासून दोन खुंट्या केल्या.
बुडवल्या. काच धुक्याने भरली.
आम्ही दोघं आकडा स्थिरावायची वाट बघत
उभ्याउभ्याच डब्यातला चिवडा खाल्ला.

तीस.

एक मिलिज्यूल अजून बाहेर आहे.
खुंट्यांत नाही, तारांत बघते आहे.

संध्याकाळी भाच्याला फोन केला.
तेव्हा खोटं बोलले होते, म्हटलं, फुकट काही नसतं.
तो आता बारा वर्षांचा.
माहितीये, म्हणाला, शाळेतून येताना गुगल केलं होतं,
तू कधी सांगतेस तेच बघत होतो.