पांढरं म्हणजे जंगल

पिह्ला चौदा वर्षांची. मी एकोणसाठ.
पहिल्या दिवशी तिने माझ्या लॉरीच्या बॉनेटवर नकाशा पसरला
आणि म्हणाली, ओइवा, जे पांढरं दिसतंय ते कोरं नाही.
पांढरं म्हणजे जंगल. नीट पळता येईल असं.
पिवळं म्हणजे उघडं माळरान, हिरवं म्हणजे गचपण,
निळ्या रेघोट्या म्हणजे दलदल, बूट भरतील.
मी हो हो म्हटलं.
तीस वर्षं ओंडके वाहिलेल्या माणसाला
जंगलाचा रंग कोण सांगणार.

खरं तर गेली बारा वर्षं मी रस्ता पाहिलाच नव्हता.
दोनशे मीटरवर डावीकडे, म्हणायची ती बाई डॅशबोर्डवरून,
आणि मी डावीकडे.
कुहमो ते कायानी, कायानी ते ओउलु,
तिच्या तोंडाकडे बघत,
जिला तोंडच नव्हतं.

नकाशा फिरव, पिह्ला म्हणाली, जंगल फिरणार नाही.
लाल टोक उत्तरेला.
पावलं मोज, पण फक्त डावी.
आणि अंगठा ठेव तू आहेस तिथे,
तू सरकलास की त्यालाही सरकव.
अंगठेबहाद्दर झालो मी, या वयात,
घरी टेबलावर, कॉफीच्या कपाभोवती
अंगठा चालवत.

सप्टेंबरात एकट्याला सोडलं.
पहिली खूण चराच्या वळणावर. सापडली.
दुसरी एका शिळेमागे, नकाशावर काळा ठिपका.
चौसष्ट डावी पावलं. शिळा होती.
खूण नव्हती.
मग मी नकाशाशी हुज्जत घालू लागलो.
ही टेकडी तीच असेल, थोडी बुटकी वाटतेय इतकंच.
हा ओढा आटला असेल. ही दलदल नवी असेल.
बोटाने खेचून खेचून
सगळं जंगल माझ्या चुकीवर बसवलं,
आणि तासाभराने शेवाळात
बुटाचा ठसा दिसला,
त्यात चिरडलेली निळी बोरं,
टाच झिजलेली, डावीकडून.
माझाच.

आई सांगायची, जंगल कधी कधी माणसाला पांघरतं.
पाखरं गप्प होतात.
घरचे हाका मारत शेजारून जातात
आणि आपल्याला ओ देता येत नाही.
उपाय एकच, कोट उलटा घालायचा.

कोणी बघत नाही ना, हे आधी बघितलं.
मग कोट काढला, फांदीला अडकवला,
होकायंत्र दुसऱ्या हातात.
आणि सुई हलली.
झोपलेल्या कुत्र्याने मालकाची गाडी ओळखावी
तसा कान टवकारला तिने, आणि वळली,
चांगली वीतभर.

कोटाजवळ गेलो, ती कोटाकडे.
लांब झालो, ती उत्तरेला.
पुन्हा जवळ. पुन्हा लांब.
हसू यायच्या आधी घाम आला.

छातीच्या खिशात चपटं, गोल, काळं लोहचुंबक.
फोन डॅशबोर्डला चिकटवायचं.
फोन मुद्दाम घरी ठेवला होता मी, मोठ्या ऐटीत.
हे राहिलं होतं.
न बोलता डावीकडे, डावीकडे करत.

कोट तिथेच ठेवला. उलटा की सुलटा, आठवत नाही.
चराच्या वळणावर परत गेलो, जिथे मी नक्की होतो,
आणि स्वेटरवर कुडकुडत
पुन्हा एक, दोन, तीन.
साठाव्या पावलाला केशरी दिसलं,
बर्चच्या मागे, ओल्या दगडाला टेकून,
जणू सकाळपासून माझीच वाट पाहत होतं.
तसं काही नव्हतं. ते दगडाला टेकलं होतं, बस.

तिसरी खूण घेऊन बाहेर आलो तेव्हा
पिह्ला कुंपणावर बसून पाव खात होती.
कोट कुठाय?
मी नकाशा उघडला, तिच्या गुडघ्यावर फिरवला,
लाल टोक जुळवलं,
आणि अंगठा ठेवला. इथे.
पांढऱ्यात, चरापासून वर, दोन टेकड्यांच्या मधे.
तिने वाकून पाहिलं. घास गिळला.
मग जा घेऊन ये, म्हणाली,
अंधाराला अजून चाळीस मिनिटं आहेत.