माजी

अक्कलकोट रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे,
हद्दवाढीच्या पाटीच्या आत की बाहेर
ते पाटी वाऱ्यानं कुठं पडली त्यावर.
अर्ज लिहून देतो. पानाला दहा रुपये,
विडीवाल्या बायांना पाच.

आधी अर्जाच्या डोक्यावर नाव असायचं :
प्रति, रेवणसिद्ध कोळकूर, नगरसेवक.
आता नुसता हुद्दा. मा. प्रशासक.
हुद्द्याला घर नसतं.
त्याच्या ओट्यावर बसून राहता येत नाही,
त्याच्या आईला विचारता येत नाही
की कुठं गेलंय तुमचं पोरगं,
नळाला आज पाचवा दिवस.

नरसव्वा क्यातम सोमवारी येते
कारखान्यात विड्या मोजून देऊन,
पदराला तंबाखू, हातात रिकामं सूप.
काउंटरवर अंगठा टेकवते :
इतका झिजलेला
की रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
मतदार यादी ओळखते, पण
नरसप्पा क्यातम, पुरुष, वय एकशे सहा.
"पुरुष तर पुरुष," ती म्हणते, "बटण तेच आहे की."
घरपट्टीवर मात्र नाव बरोबर येतं,
काना-मात्रेसकट,
श्रीमतीसुद्धा.

दिल्लीसाठी बोट दिलं तिनं, मुंबईसाठी दिलं.
गल्लीसाठी शेवटचं कधी?
ती आठवते. नात व्हायच्या आधी.
नात आता पाढे म्हणते,
फक्त बारावर अडते.

"लिही," ती म्हणते,
"शिवी द्यायला एक माणूस द्या म्हणावं."
असं अर्जात लिहिता येत नाही, मावशी.
"मग काय लिहिता येतं?"
मी विषय लिहून ठेवला, दोन टिंबं दिली,
आणि पेन तसंच राहिलं.
खरं तर तिनं विषयच सांगितला होता.

कोळकूर अण्णा आता टायर विकतात.
बाया अजून तिथंच जातात, घागरी घेऊन,
टायरच्या उतरंडीपुढं उभ्या राहतात.
अण्णा हात जोडतात : "मी माजी आहे गं आता."
नरसव्वाच्या तेलुगू कानाला
ज आणि झ एकाच घरातले.
"माझी तर माझी," ती म्हणते, "फोन लाव त्या साहेबाला."
अण्णा फोन लावतात.
ऐकू येतं, आपण रांगेत आहात.

या शहरानं एकदा, इंग्रजांच्या काळात,
स्वतःचं राज्य स्वतः चालवलं म्हणतात.
तीन दिवस की चार, वाद अजून मिटलेला नाही.
नरसव्वाचा सासरा सांगायचा,
त्याचा बाप तेव्हा चौकात उभा होता
काठी घेऊन. पोलीस पळालेले,
गिरणीचा भोंगा बंद.
काय केलं हो त्यानं राज्यात?
टांगे डाव्या बाजूनं सोडले.
बस्स?
बस्स. आणि टांग्यांनी ऐकलं.

शेवटी मी नेहमीचंच लिहिलं :
वरील विषयास अनुसरून, सविनय, सदर परिसरातील.
खाली, आपली विश्वासू.
तिनं अंगठा उठवला,
कागदावर निळा डाग, रेषा एकही नाही.
"वर ही जागा का सोडलीस?"
प्रतिच्या पुढं, स्वल्पविरामानंतर,
मी हुद्दा लिहिला नव्हता.
म्हटलं, कोणी आलं तर.
ती हसली नाही. पाच रुपये ठेवले,
सुट्टे, मोजून,
आणि पोच घ्यायला बजावून गेली.

त्या रात्री अडीचला पाणी आलं.
कोणी कळवलं नव्हतं, वेळापत्रकात नव्हतं.
गल्लीच्या टोकाला कुणीतरी एकदाच ओरडलं,
नीळ्ळु!
आणि एकेका घरात दिवा लागत गेला,
कानडी घरात, पठाणांच्या घरात, माझ्याही,
नळाखाली पातेली सरकली,
आणि नरसव्वाचा आवाज सगळ्यांच्या वर :
आधी शेवटच्या घराला भरू द्या,
त्यांच्याकडं दाब कमी असतो.